डीएनएस कुठे ठेवायचं? फुकट आणि स्वस्त पर्याय, जळगावकडच्या अनुभवावरून

गेल्या श्रावणात सावद्याच्या एका केळीवाल्या काकांचा सकाळी सकाळी फोन आला, "मेल काहून येत नाही रे भो, दिल्लीवाला म्हणतो पाठवतोय अन् उलट येतंय." आता श्रावण म्हणजे उपासाचे दिवस, केळीला मागणी, भाव, गाडीचे नंबर, बिलं सगळं मेलवर चाललेलं. मी बघितलं तर डोमेनचे पैसे भरलेले, मेलचे पैसे भरलेले, फक्त वेबसाईटचं होस्टिंग संपून चार-पाच दिवस झालेले. काका म्हणाले वेबसाईट तर तसंही कोणी बघत नाही, मग मेलचा काय संबंध? संबंध असा की डोमेनचं डीएनएस त्या होस्टिंगच्या सीपॅनलमध्येच (होस्टिंग चालवायचं पॅनल) बसलेलं होतं. होस्टिंगवाल्याने खातं सस्पेंड केलं, त्याचा नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनचे पत्ते सांगणारा सर्व्हर, या डोमेनबद्दल गप्प झाला, मग मेल कुठे टाकायचा हे जगाला कळणार कसं.

तर हे तीन वेगळे व्यवहार आहेत हे आधी डोक्यात बसवा. डोमेन म्हणजे सातबारा, कोणाच्या नावावर आहे ते रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे. होस्टिंग म्हणजे गोडाऊन, माल तिथे. आणि डीएनएस म्हणजे स्टँडवरचा टपरीवाला, जो गावात नव्याने उतरलेल्या माणसाला सांगतो की वेबसाईट त्या गल्लीत, मेलची पेटी पलीकडच्या आळीत. टपरी बंद असली की गोडाऊन उघडं असून उपयोग नाही. आपल्याकडे नव्वद टक्के घोळ होतो तो या तिघांना एकच समजल्यामुळे, "वेबसाईटवाल्याकडे सगळं आहे" म्हणतात आणि तो वेबसाईटवाला पुण्याला नोकरीला लागलेला असतो.

अजून एक, ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हे जे राउटरमध्ये टाकतात ते यातलं नाही. ते विचारणाऱ्याच्या बाजूचं, आपण इथे उत्तर देणाऱ्याबद्दल बोलतोय. नाव दोघांचं डीएनएसच, म्हणून गोंधळ.

आता निवडायचं कसं. सगळ्यात आधी हे बघा की रजिस्ट्रारसोबत जे फुकट डीएनएस येतं तेच पुरतंय का. एकच डोमेन, साधी वेबसाईट, दोन-चार मेल आयडी असतील तर बहुतेक वेळा पुरतं, उगाच तिसरं खातं कशाला. फक्त त्याच्या पॅनलमध्ये जाऊन एक परीक्षा घ्या. मेलची डीकेआयएमची की (मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या सहीची किल्ली) २०४८ बिटची असेल तर ती जवळजवळ चारशे अक्षरांची होते, आणि टीएक्सटी रेकॉर्डमध्ये (डीएनएसमधली मजकुराची नोंद) एका तुकड्यात २५५ च्या वर अक्षरं बसत नाहीत. चांगलं पॅनल गुपचूप तिचे दोन तुकडे करून सेव्ह करतं. बेकार पॅनल एकतर एरर देतं, किंवा, हे जास्त वाईट, शेपूट कापून सेव्ह करतं आणि वर हिरवी टिक दाखवतं. मग तुमचे मेल लोकांच्या स्पॅममध्ये जातात आणि तुम्ही महिनाभर पार्टी उत्तर देत नाही म्हणून तिलाच शिव्या घालत बसता. ही एक परीक्षा नापास झाली की त्या पॅनलमधून उठायचं, बाकी काय फीचर आहेत ते बघायचं पण नाही.

डीएनएस हलवायचं ठरलं तर फुकटात पहिलं नाव येतं क्लाउडफ्लेअरचं, आणि ते बरोबरच आहे. फ्री प्लॅनमध्ये डीएनएसच्या क्वेरीचे, म्हणजे पत्ता विचारण्याचे, पैसे लागत नाहीत, वेगवान आहे, एपीआय आहे (प्रोग्रॅममधून बदल करायची सोय), झोन फाईल, म्हणजे डोमेनच्या सगळ्या रेकॉर्डची यादी, आत घेता येते, बाहेर काढता येते. नेमसर्व्हरला एडा, बॉब अशी माणसांची नावं असतात, ते बघून घाबरू नका, तसंच असतं. पण दोन गोष्टी लोक हमखास चुकतात. एक, डोमेन टाकलं की ते जुने रेकॉर्ड आपोआप शोधून आणतं, ते शोधणं अंदाजाने असतं. नेहमीची नावं विचारून बघतं, तुमच्या डीकेआयएमचं किंवा एखाद्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या सबडोमेनचं विचित्र नाव त्याला माहीत असायचं कारण नाही, म्हणजे यादी भरलेली दिसते पण पूर्ण नसते. दुसरं, तो नारिंगी ढग. ढग नारिंगी असला की ट्रॅफिक क्लाउडफ्लेअरच्या सर्व्हरमधून फिरून जातं, करडा असला की फक्त पत्ता सांगितला जातो. वेबसाईटला नारिंगी चालतो, पण एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे टाकायचा ते सांगणारा) ज्या नावाकडे बोट दाखवतो ते नाव करडंच ठेवायचं, नाहीतर मेल अडकू शकतो. एफटीपीचं (सर्व्हरवर फाईली चढवायची पद्धत) पण तसंच.

आणि नारिंगी ढग लागतोच असं नाही हे पण सांगून ठेवतो. १८ नोव्हेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअरचा मोठा बिघाड झाला तेव्हा गडबड प्रॉक्सीच्या बाजूला होती, म्हणजे नारिंगीवाल्या साईटवर एरर, आणि ढग करडा करावा म्हटलं तर डॅशबोर्डमध्ये लॉगिन होणंच कित्येकांना जमेना. ज्या साईटवर दिवसाला वीस माणसं येतात, तिथे मी हल्ली करडाच ठेवतो, टपरीवाल्याने पत्ता सांगावा, हात धरून घरापर्यंत सोडायची गरज नाही.

तुम्ही माझ्यासारखे दहा-पंधरा लोकांची डोमेन सांभाळत असाल तर हरिकेन इलेक्ट्रिकचं फ्री डीएनएस बघा. एका खात्यात ५० डोमेनपर्यंत फुकट, पाच नेमसर्व्हर, आणि दुसऱ्याच्या डीएनएसची कॉपी ठेवणारा सेकंडरी म्हणून पण वापरता येतं. दिसायला एकदम जुनाट, २००५ सालच्या सरकारी साईटसारखं, पण दिसण्यावर जाऊ नका, कंपनी नेटवर्कच्या धंद्यातली जुनी आणि मोठी आहे.

तिसरं डीसेक, बर्लिनची ना-नफा संस्था. डीएनएसएसईसीची सही (उत्तर मधे कोणी बदललं नाही याची खूण) आपोआप करून देते, जाहिरात नाही, अपग्रेड करा म्हणून मागे लागणं नाही. एक अडचण अशी की टीटीएल, म्हणजे मिळालेलं उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं तो आकडा, कमीत कमी ३६०० सेकंदांचा, म्हणजे पाच मिनिटांत बदल दिसावा अशी सवय असेल तर तास वाट बघावी लागेल. ज्यांचे रेकॉर्ड वर्षात एकदा बदलतात त्यांना काय फरक पडतो, काहीच नाही.

पैसे देऊन स्वस्तात पाहिजे असेल तर ॲमेझॉनचं रूट ५३. नावातला ५३ म्हणजे डीएनएसचा पोर्ट नंबर. एका झोनचे, म्हणजे एका डोमेनच्या रेकॉर्डचे, महिन्याला अर्धा डॉलर, वर दर दहा लाख क्वेरीला ४० सेंट. म्हणजे वर्षाचे ६ डॉलर, पाचशेच्या वर रुपये आणि १८ टक्के जीएसटी, जळगावात दोघं शेवभाजी खायला गेलो तरी एवढे जातात. चार नेमसर्व्हर देतात ते चार वेगवेगळ्या एक्स्टेंशनचे, डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग, डॉट सीओ डॉट यूके, म्हणजे एकाची गडबड झाली तरी बाकीचे उभे. गुगल क्लाउड डीएनएस अजून स्वस्त, झोनला महिन्याला २० सेंट. पण या दोघांचं पॅनल नवख्या माणसाला चक्रव्यूह वाटतं, आत जाता येतं, बाहेर यायला तास लागतो.

पैशाच्या बाबतीत इथे एक खास आपली अडचण आहे. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे (कार्डवरून आपोआप पैसे कापण्याचे) नियम लागले, तेव्हापासून परदेशी कंपनीचं कार्डवरचं ऑटो-पेमेंट बऱ्याचदा गुपचूप फेल होतं. कंपनी मेल पाठवते, तो मेल त्याच डोमेनवर असतो, डोमेन बंद, मेल पोचत नाही, मज्जाच. म्हणून डीएनएसच्या खात्याचा मेल आयडी त्याच डोमेनचा कधीच ठेवायचा नाही, साधा जीमेल ठेवा. आणि विकत घेणार असाल तर रुपयात बिल देणारा आणि वर्षाचे एकदम घेणारा बघा. छोट्या दुकानदाराला महिन्याच्या महिन्याला अर्धा डॉलर भरण्यापेक्षा खरं तर फुकटवालाच जास्त भरवशाचा पडतो, ऐकायला उलटं वाटतं पण अनुभव तोच आहे, फुकटचं पेमेंट फेल होत नाही.

पण फुकट डीएनएस वेगळं आणि फुकट डोमेन वेगळं. डॉट टीके, डॉट एमएल ही डोमेन फ्रीनॉम फुकट वाटत होतं, अमळनेर-चोपड्याकडच्या कॉलेजच्या पोरांनी भरपूर घेतलेली. २०२३ मध्ये मेटाने त्यांच्यावर केस टाकली, नवीन नोंदणी बंद झाली आणि पुढच्या वर्षी त्यांनी या धंद्यातूनच अंग काढून घेतलं. सातबारा फुकटचा शोधू नका, टपरीवाला फुकटचा चालेल.

शेतावरच्या किंवा दुकानातल्या कॅमेऱ्यासाठी डायनॅमिक डीएनएस (बदलत्या आयपीला एक कायमचं नाव) पाहिजे असणारे पण विचारतात. डक डीएनएसवर पाच नावं फुकट मिळतात, नो-आयपीचं फ्री नाव दर ३० दिवसांनी कन्फर्म करावं लागतं. पण नेट जर मोबाईलच्या सिमवर चालत असेल तर बहुतेक तुम्ही सीजीएनएटीच्या मागे असता, म्हणजे एकाच पब्लिक आयपीमागे शेकडो घरं. मग कुठलंही डायनॅमिक डीएनएस लावा, कॅमेरा बाहेरून उघडणार नाही, ती चूक डीएनएसची नाहीच. राउटरमध्ये दिसणारा आयपी आणि गुगलवर "माझा आयपी" शोधून दिसणारा आयपी वेगळे असतील तर नाद सोडा आणि कॅमेऱ्याच्या कंपनीचं ॲप वापरा.

आता काकांचं कसं हलवलं ते सांगतो, तेच तुम्हाला करायचंय, फक्त शांतपणे.

होस्टिंगवाल्याला फोन करून पैसे भरले आणि खातं परत चालू करून घेतलं. रुसून जुनं बंदच ठेवून नवीन उभं करायला गेलो असतो तर जुने रेकॉर्ड बघायला मिळालेच नसते. मग सीपॅनलच्या झोन एडिटरमधून एकूण एक रेकॉर्ड वहीत नाही तर फाईलमध्ये काढले, वर सांगितलेलं डीकेआयएम, एसपीएफ (तुमच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं त्याची यादी), डीमार्क (खोट्या मेलचं काय करायचं ते), गुगलच्या व्हेरिफिकेशनचा टीएक्सटी, सगळं. एसपीएफचे दोन रेकॉर्ड सापडले, एक होस्टिंगचा एक गुगलचा. दोन असले की दोन्ही बाद धरतात, म्हणून एकात एक केले. काकांचे काही मेल आधीपासून स्पॅममध्ये का जात होते ते पण तिथेच कळलं.

नवीन ठिकाणी झोन तयार केला, रेकॉर्ड भरले, पण रजिस्ट्रारकडे अजून हात लावला नाही. आधी कमांड प्रॉम्प्टमध्ये एनएसलुकअपने थेट नवीन नेमसर्व्हरलाच विचारलं, एमएक्स सांग, टीएक्सटी सांग, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू सांग. कमांडमध्ये डोमेनच्या पुढे नवीन नेमसर्व्हरचं नाव लिहिलं की तो त्यालाच विचारतो. जुन्याची उत्तरं आणि नव्याची उत्तरं शेजारी शेजारी ठेवली. ही पायरी कोणी करत नाही आणि सगळा घोळ इथेच होतो.

रजिस्ट्रारकडे डीएनएसएसईसीचा डीएस रेकॉर्ड (त्या सहीची वरच्या सर्व्हरवर ठेवलेली ओळख) लावलेला असेल तर तो आधी काढा, एक-दोन दिवस जाऊ द्या, मगच नेमसर्व्हर बदला. नाहीतर सही जुन्याची आणि उत्तर नव्याचं, आणि निम्म्या लोकांना साईट दिसते, निम्म्यांना नाही. काकांचा नव्हता, सुटलो.

मग नेमसर्व्हर बदलले, जुने सगळे काढून फक्त नवे टाकले, दोन जुने दोन नवे असा भेसळीचा प्रकार नाही. "२४ ते ४८ तास लागतात" असं जे सांगतात ते उगाच नाही, डॉट कॉमच्या वरच्या सर्व्हरवर नेमसर्व्हरचा टीटीएलच १,७२,८०० सेकंदांचा असतो, म्हणजे बरोबर दोन दिवस. पण जुन्या आणि नव्या दोन्हीकडे उत्तर सारखंच असेल तर या दोन दिवसांत कोणी कुठे विचारलं याने काही बिघडत नाही, कोणाला कळत पण नाही.

शेवटी खातं. काकांच्या स्वतःच्या जीमेलवर, ओटीपीचं ॲप त्यांच्या मुलाच्या फोनमध्ये, बॅकअप कोड कागदावर छापून तिजोरीत. मला फक्त मेंबर म्हणून आत घेतलंय, काढायचं असेल तर दोन क्लिक. झोन फाईल एक्स्पोर्ट करून त्यांच्या पेनड्राईव्हवर टाकली. काका म्हणाले याचं आम्ही काय करू, मी म्हटलं तुम्ही काही करू नका, मी नसलो तर पुढचा जो येईल त्याला द्या.

जुना झोन आठवडाभर तसाच राहू दिला. आठव्या दिवशी दिल्लीवाल्याचा मेल नीट येतोय बघून मग उडवला.