रांगेत मेसेज किती? मोजणी ब्रोकरकडूनच घ्या

रॅबिटएमक्यूवर (मेसेज रांगेत ठेवून पुढे देणारा ब्रोकर) एएमक्यूपी या मेसेजिंग प्रोटोकॉलच्या ०-९-१ आवृत्तीचा जुना कोड असेल, तर रांगेची लांबी बहुधा क्यू डिक्लेअर या रांग बनवण्याच्या कमांडला ‘पॅसिव्ह’ (रांग बनवू नको, फक्त आहे का ते सांग) लावून काढलेली असते. त्यातून येणारा मेसेज काउंट फक्त ‘रेडी’, म्हणजे अजून कुणाला न दिलेल्या, मेसेजचा. कन्झ्युमरला, म्हणजे मेसेज घेणाऱ्या प्रोग्रॅमला, दिलेले पण अजून पोच, म्हणजे अ‍ॅक न आलेले मेसेज त्यात धरत नाहीत. समजा रांगेत ५०० मेसेज आहेत, प्रीफेचही (पोच येण्याआधी कन्झ्युमरला किती मेसेज द्यायचे ती मर्यादा) ५०० आहे आणि कन्झ्युमर अडकलाय. आकडा येणार ०, आणि आपण निवांत! शिवाय त्या नावाची रांगच नसेल तर ४०४ देऊन चॅनेल बंद होतो, तो ताप वेगळाच.

एएमक्यूपी १.० च्या मूळ प्रोटोकॉलमध्ये क्यू डिक्लेअर नाहीच. किती मेसेज पाठवायचे ते ठरवणाऱ्या फ्लो फ्रेममध्ये ‘अव्हेलेबल’ नावाचं फील्ड दिसतं, पण ते त्या लिंकपुरतं (मेसेज जाण्याच्या एका एकेरी जोडणीपुरतं) असतं. त्याला रांगेची लांबी समजू नका.

म्हणून क्लायंट कुठल्याही आवृत्तीचा असो, आकडा रॅबिटएमक्यूच्या मॅनेजमेंट एचटीटीपी एपीआयकडूनच घ्या. तिथे रेडी, अनअ‍ॅक्नॉलेज्ड आणि दोन्हींची बेरीज असे तीन आकडे मिळतात. मी अलर्ट बेरजेवर लावतो आणि ग्राफवर रेडी व अनअ‍ॅक्ड वेगळे काढतो. कन्झ्युमर अडकला की अनअ‍ॅक्डची रेघ सपाट होते, लगेच कळतं. हे आकडे डिफॉल्टने दर ५ सेकंदांनी ताजे होतात, तेव्हा टेस्टमध्ये मेसेज टाकल्या टाकल्या तपासू नका. बाइट्समधली मोजणीही फक्त बॉडीची असते, हेडर त्यात येत नाहीत.