जुन्या पीसीचं ग्राफिक्स विंडोज ११ ला चालेल का, हे असं बघा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे जुना पीसी असलेल्या सगळ्यांना आता हाच प्रश्न पडतोय. विंडोज ११ ला डायरेक्टएक्स १२ (गेम, व्हिडिओ वगैरेंचं ग्राफिक्स चालवणारी विंडोजची सोय) चालणारं ग्राफिक्स आणि डब्ल्यूडीडीएम २.० ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर, डब्ल्यूडीडीएम हे त्याचं मॉडेल) लागतो.

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, डीएक्सडायग (इंग्रजीत, सलग: dxdiag) टाइप करून एंटर मारा. पहिल्याच पानावर 'डायरेक्टएक्स १२' दिसेल पण तेवढ्यावर खूश होऊ नका, तो विंडोजचा आकडा आहे, कार्डाचा नाही, इथेच बहुतेक जण फसतात! वर डिस्प्ले टॅबवर जा, उजवीकडे ड्रायव्हर मॉडेलसमोर डब्ल्यूडीडीएम २.० किंवा पुढचं काही असेल तर काम झालं. १.३ वगैरे दिसलं तर लगेच पीसी भंगारात काढू नका, आधी कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर टाकून परत बघा. नावाच्या जागी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' आलं म्हणजे खरा ड्रायव्हर बसलेलाच नाहीये.

इंटेल एचडी ३००० (प्रोसेसरमध्येच असलेलं जुनं ग्राफिक्स) असेल तर मात्र आशा सोडा, त्याला डायरेक्टएक्स १२ येतच नाही. डेस्कटॉप असेल तर वेगळं कार्ड बसवता येतं, पण त्याआधी टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) आणि प्रोसेसर नक्की तपासा, नाहीतर कार्डाचे पैसे फुकट जातील.