सोलापुरात बांगडा घेताना

उजनीचे रोहू, कटला, चिलापी सोलापूरला जवळ. बांगडा मात्र किनाऱ्यावरून तीनशेहून जास्त किलोमीटर येतो. म्हणून भावाआधी बर्फ बघायचा. मासा बर्फात गाडलेला हवा, वरून चार खडे पसरलेले असतील तर पुढच्या गाळ्यावर जा.

बांगड्याच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा उबेला राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात, आणि ते तळून किंवा उकळूनही जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं. याला वास येईलच असं नाही, तेव्हा नुसत्या नाकावर विसंबू नका. डोळा फुगीर, कल्ले लाल, पोट घट्ट. पोट फुटलेला बांगडा फुकटही नको.

पश्चिम किनाऱ्यावर बांगडा मुख्यतः पावसाळ्याच्या आगेमागे अंडी सोडतो. अंडी पाण्यात तरंगतात, पिल्लं प्लवंगांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर वाढतात आणि थव्याने फिरतात. राज्यात ठरावीक मापापेक्षा लहान बांगडा पकडायला बंदी आहे, पण अंड्यावर येईपर्यंत तो साधारण 19-20 सेंटीमीटरचा होतो. त्यामुळे वीतभर मापाचाच घ्यावा, त्याला मांसही बरं असतं. 1 जून ते 31 जुलै राज्यात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. त्या दिवसांत ‘ताजा’ म्हणून मिळणारा बांगडा बहुधा गोठवलेला किंवा परराज्यातला, हे धरून चाला.

मे महिन्यात घरून डबा आणि माशाच्या वजनाइतका बर्फ न्या. घरी आल्याआल्या कल्ले आणि आतडी काढा, पोटातला काळा पापुद्रा खरवडा, नाहीतर कडवट लागतो. त्याच दिवशी करायचा नसेल तर थेट फ्रीझरमध्ये. चरबीचा मासा असल्याने दोन महिन्यांपुढे खवट होतो.

तीन बांगड्यांना दोन्ही बाजूंनी तिरक्या चिरा द्या. एक चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, दोन चमचे लाल तिखट आणि चिंचेचा दाट कोळ चोळून 15 मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. इथे घरचं काळं तिखट वापरायचा मोह होतो, पण त्यातला कांदा-खोबरं तव्यावर करपतं. ते कालवणाला ठेवा. रवा आणि तांदळाचं पीठ लावून मध्यम आचेवर प्रत्येक बाजू चार-पाच मिनिटं तळा. खालची बाजू सुटल्याशिवाय उलथणं घालू नका, कातडं तव्यालाच राहतं.