वाइल्डलाइफ व्हेट व्हायचंय? आधी बरणीचं बघा

दर उन्हाळ्यात बीव्हीएससीच्या, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकीच्या, शेवटच्या वर्षातली दोन-चार पोरं फोन करतात, सर वाइल्डलाइफमध्ये यायचंय, आणि पहिला प्रश्न ठरलेला, डार्टिंग, म्हणजे बंदुकीने लांबून बेशुद्धीचं इंजेक्शन मारणं, कुठे शिकायला मिळेल. मी सहा वर्षं जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात वनविभागाने बोलावलं की जातो, आणि डार्ट गन किती वेळा हातात धरली ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. बाकी सगळा वेळ लेंड्या, विष्ठा, पाणवठे, मेलेली जनावरं आणि गावातली कुत्री. हे ऐकून निम्मी पोरं परत फोन करत नाहीत, बरंच आहे.

ज्यांना तरी यायचंय त्यांना माझी चूक सांगतो, जरा लांबण लागेल पण सांगतोच, कारण अजून सलते.

पहिलंच वर्ष होतं. जून लागलेला, पावसाचा पत्ता नाही, दुपारी बाहेर उभं राहवत नाही असं ऊन. वनमजूर मामांचा फोन आला, "डाक्टर, मोर पडेल आहेत, चार." केळीच्या बागेला लागून नाला, पलीकडे नुकताच मका टोकलेला. पंचनामा झाला, पोस्टमॉर्टेमची परवानगी होती, मी पहिला मोर उघडला तर अन्नपिशवी मक्याच्या दाण्यांनी गच्च, आणि दाणे गुलाबी. म्हणजे औषध लावलेलं बियाणं. खरं सांगतो, त्या क्षणी मला भारीच वाटलं, केस हातात आली म्हणून. मग लिव्हर, किडनी, दाणे, सगळं एकाच बरणीत कोंबलं आणि वरून फॉर्मॅलिन, म्हणजे नमुने टिकवायचं रसायन, ओतलं. बरणी पण कुठली, तर ऐनवेळी गावातून मागून आणलेली लोणच्याची, अरुंद तोंडाची.

तीन आठवड्यांनी लॅबचं पत्र आलं, फॉर्मॅलिनमधल्या नमुन्यावर विषाची तपासणी करता येणार नाही. शिवाय लिव्हर आत इतकी कडक झालेली की बरणी फोडून काढावी लागली. आणि चारही मोर त्याच संध्याकाळी नियमाप्रमाणे जाळलेले, म्हणजे परत घ्यायला काही उरलंच नव्हतं. विष होतं की नव्हतं, आजही कागदावर काही नाही.

तर आता नीट ऐका. फॉर्मॅलिन फक्त हिस्टोपॅथसाठी, म्हणजे अवयवाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या असतील तर. 10 टक्क्यांचं, म्हणजे बाजारातल्या फॉर्मॅलिनचा एक भाग आणि पाणी नऊ भाग, जमलं तर बफर घातलेलं. तुकडा अर्धा सेंटिमीटर जाड, त्याहून जाड घेतला तर आत पोचेपर्यंत मधलं सडतं. तुकड्याच्या दहापट द्रावण, आणि तोंड रुंद. विष बघायचं असेल तर लिव्हर, किडनी, पोटातलं खाणं प्रत्येक वेगळ्या स्वच्छ डब्यात, बर्फावर, फॉर्मॅलिनचा थेंब नको. जिवाणू वाढवून बघायचे किंवा व्हायरसची पीसीआर करायची तरी तेच, थंड ठेवा, फॉर्मॅलिन नाही, ते जंतू मारूनच टाकतं आणि पीसीआरला लागणारं डीएनए-आरएनए खराब करतं. आणि उलटी चूकही करू नका, हिस्टोपॅथचा तुकडा फ्रीजरमध्ये टाकला की बर्फाच्या कणांनी पेशी फुटतात. सुरी लावायच्या आधी लॅबला फोन करा, कशात पाठवू म्हणून विचारा. लाज वाटते, मलाही वाटायची, पण विचारा. आणि डब्यावरच्या चिठ्ठीवर पेन्सिलने लिहा, पेनाची शाई पुसली जाते.

सुरी लावायची की नाही हाही प्रश्नच आहे. चितळ, नीलगाय किंवा गाय अचानक मेलेली, नाकातून-गुदद्वारातून काळपट न गोठलेलं रक्त, तर उघडू नका, फाशी (अँथ्रॅक्स) असू शकते. हवा लागली की त्या जंतूचे बीजाणू बनतात आणि ती जागा वर्षानुवर्षं धोक्याची राहते. कानाच्या शिरेतून एक थेंब काचपट्टीवर घ्या, बस. कावळे-बगळे थव्याने मेलेले दिसले तर हातच लावू नका, पशुसंवर्धनला कळवा, तिथून नमुने भोपाळच्या लॅबला जातात. बर्ड फ्लू देशात पहिल्यांदा सापडला तो 2006 मध्ये आपल्याच नवापूरला, हे खानदेशातल्या व्हेटने तरी विसरू नये. 2022 चा लम्पीसुद्धा राज्यात आधी रावेर तालुक्यातच दिसला. म्हणून म्हणतो, जंगलाचं आरोग्य बघायचं तर जंगलाला लागून असलेल्या गोठ्यात आधी जा. लसीकरण, जंतनाशक, गाईला दुखण्यावर डायक्लोफिनॅक न देणं (ते दिलेलं मेलेलं जनावर खाल्लं की गिधाडं मरतात, म्हणून जनावरांसाठी 2006 पासून बंदी आहे, मेलॉक्सिकॅम द्या, गिधाडं त्याने मरत नाहीत). फोटो येत नाहीत यात, माहितीय.

दोन दिवसांचे ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स, बेशुद्ध बिबट्याच्या डोक्यावर हात ठेवून काढलेला डीपी, हे सगळं पैसे आणि वेळ वाया. माझा खरा गुरू तालुक्याच्या दवाखान्यातले एक रिटायर झालेले डॉक्टर, जन्मभर बैलांची पोस्टमॉर्टेम केलेली, वाघ कधी पाहिला नाही. पण आतडं बघून काय झालं असेल ते सांगायचे. आणि दुसरे आमचे वनमजूर मामा. मला अजून "लोणच्यावाले डाक्टर" म्हणतात, चारचौघांत.

घाबरू नका पण. मोरांनंतर मला वर्षभर कोणी बोलावणार नाही असं वाटलं होतं, दोनच महिन्यांनी मरून पडलेल्या सायाळीसाठी फोन आला. लोकांना येणारा माणूस लागतो, हुशार नंतर. फक्त परवानगीशिवाय, कितीही घाई असली तरी, वन्यप्राण्याच्या अंगावरचा एक केसही उचलू नका, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा व्हेट म्हणून सूट देत नाही. गावातल्या कोणी विचारलं तर 1926 हा वनविभागाचा हेल्पलाइन नंबर द्या.

गाडीत माझ्याकडे आता कायम थर्माकोलचा डबा, बर्फाच्या बाटल्या, रुंद तोंडाच्या सहा बरण्या, हातमोजे दोन जोड आणि काचपट्ट्या असतात. जॉइन व्हायच्या आधी रेबीजची लस घेऊन टाका, चावल्यावर नाही, आधी. मी ती पण उशिरा घेतली होती, तो किस्सा परत कधी.