लेखकांचा संप येणार असेल तर आधी पटकथा मोजा

अमेरिकेत रायटर्स गिल्डचा, म्हणजे सिनेमा-मालिकांच्या लेखकांच्या संघटनेचा, स्टुडिओंशी ठरावीक मुदतीचा करार असतो. २०२३ मध्ये ती मुदत १ मेच्या मध्यरात्री संपली, २ मेला संप सुरू झाला आणि तो मिटायला १४८ दिवस लागले. मुदतीची तारीख सगळ्यांना वर्षानुवर्षं आधी माहीत असते, त्यामुळे वाहिनीने तयारीला जानेवारीत लागावं. एप्रिलमध्ये फक्त धावपळ होते.

पहिला आकडा काढायचा तो तयार भागांचा नव्हे, पक्क्या झालेल्या पटकथांचा. पटकथा हातात आली म्हणजे सुटलो असंही नाही. सेटवर रोज काहीतरी बिनसतं: पाऊस येतो, भाग दोन मिनिटं लांबतो, नटाच्या तोंडात वाक्य बसत नाही. वेळेत बसवण्यासाठी काटछाट, संवादात किरकोळ फेरफार ही कामं गिल्डच्या करारात ‘ए’ ते ‘एच’ अशा पोटकलमांत वेगळी नोंदलेली आहेत. संपात गिल्डचे सदस्य तीसुद्धा करत नाहीत, मग तो लेखक त्याच मालिकेचा निर्माता का असेना. म्हणून नटांना बसवून प्रत्येक पटकथेचं वाचन आधीच उरका, घड्याळ लावून लांबी मोजा आणि बाहेरच्या प्रत्येक प्रसंगाला घरात घेता येईल असा पर्याय लेखकाकडून लिहून घ्या. एवढं करूनही मुदतीनंतर चित्रीकरण चालेलच असं धरू नका. पहाटे फाटकावर निदर्शक उभे राहिले की टीमस्टर्स संघटनेचे ट्रकचालक त्यांना ओलांडून आत जात नाहीत, आणि ट्रक अडले की लाइट, कॅमेरा, कपडेपट सगळंच बाहेर.

मग वेळापत्रक हातात घ्या. रात्रीचे गप्पांचे कार्यक्रम सकाळी लिहून संध्याकाळी रेकॉर्ड होतात, त्यामुळे शिल्लक शून्य. २०२३ मध्ये ते पहिल्याच रात्री जुन्या भागांवर आले. पुन्हा दाखवायचे भाग आधी पाहून निवडा. पाहुणा कधीच उतरून गेलेल्या सिनेमाची जाहिरात करतोय, हे फार केविलवाणं दिसतं. कथामालिकांचं दुखणं उशिरा कळतं. लेखक मे-जूनमध्ये बसतात, चित्रीकरण जुलै-ऑगस्टमध्ये, प्रसारण सप्टेंबरअखेर. म्हणजे मेमधला संप शरद ऋतूत बोचतो. २०२३ मध्ये ती भोकं बुजवायला एबीसी वाहिनीने रिअ‍ॅलिटी शो लावले, तर सीबीएस वाहिनीने केबलवरची ‘यलोस्टोन’ मालिका आणली. असा उसना माल घेताना शिव्या गाळायला संकलकाचे दिवस धरून ठेवा. अ‍ॅनिमेशनची चिंता शेवटी करा, तिथे लिहिण्यापासून प्रसारणापर्यंत बरेच महिने जात असल्याने माल शिल्लक असतो.

जाहिरातदारांना प्रेक्षकसंख्येची हमी दिलेली असते. ती हुकली की भरपाईच्या जाहिराती फुकट दाखवाव्या लागतात, तेव्हा सगळे सेकंद आगाऊ विकून टाकू नका.

पुण्या-ठाण्यात बसून ओटीटीवर या मालिका बघणाऱ्यांचं गणित निराळं. आपल्याकडच्या रोजच्या मालिका या संपाने थांबत नाहीत. त्यांची शिल्लक मात्र इतकी तुटपुंजी असते की मार्च २०२० मध्ये चित्रीकरणं बंद पडली आणि काही दिवसांतच जुने भाग सुरू झाले. अमेरिकी मालिकेचा नवा सीझन खूप उशिरा अडतो, आणि सगळे सारखे अडत नाहीत. ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’च्या दुसऱ्या सीझनच्या पटकथा तयार होत्या, चित्रीकरण ब्रिटनमध्ये होतं आणि नट तिथल्या संघटनेच्या करारावर, म्हणून २०२३ मध्ये अमेरिकेतले नटही संपावर गेले तरी ते चालू राहिलं आणि सीझन जून २०२४ मध्ये आला. ‘सेव्हरन्स’चा दुसरा सीझन मध्येच थांबला आणि थेट जानेवारी २०२५ मध्ये दिसला. म्हणून एका मालिकेसाठी वर्षाचे पैसे भरण्याआधी, जाहीर झालेली तारीख बाजूला ठेवून, चित्रीकरण संपलंय का तेवढं शोधा. महिन्याची वर्गणी त्यापेक्षा बरी.

संप मिटल्याची बातमी आली की लगेच नवे भाग येतील अशी आशा धरू नका. २०२३ मध्ये लेखक २७ सप्टेंबरला परतले, पण जुलैपासून नटही संपावर होते आणि ते ९ नोव्हेंबरला मोकळे झाले. एबीसीची ‘अ‍ॅबट एलिमेंटरी’ ही मालिका उगवली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये, आदल्या सीझनच्या २२ भागांऐवजी १४ भाग घेऊन.