श्रवणचाचणीला नेण्यापूर्वी

बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीबद्दल 'हा ऐकतच नाही' अशी तक्रार घरात होते, तेव्हा तिचा अर्थ बहुधा हट्ट असाच लावला जातो. मागून हाक मारल्यावर वळून न पाहणे, टीव्हीचा आवाज वाढवणे, कानावर सारखा हात मारणे किंवा नेहमीच्या कामात एकाएकी मागे पडणे, यांतले काहीही दिसले तर स्वभावाला बोल लावण्याआधी कान तपासून घ्यावेत. डाऊन सिंड्रोम असेल तर असे काही दिसण्याचीही वाट पाहू नये, कारण अरुंद कर्णनलिकेत मळ साचतो, मध्यकर्णात द्रव साठून राहतो आणि वयाबरोबर येणारा बहिरेपणाही लवकर गाठतो.

चाचणीच्या साधारण दोन आठवडे आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून मळ तपासून घ्यावा. मळ घट्ट बसलेला असेल तर त्यामुळेच ऐकू कमी आल्याचे दिसेल आणि सगळा खटाटोप पुन्हा करावा लागेल. घरी गरम तेल, हेअरपिन किंवा कापसाची काडी कानात घालू नये. मळ मऊ करणारे थेंबसुद्धा पडद्याला छिद्र नाही याची डॉक्टरांनी खात्री केल्यावरच घालावेत.

खरी तयारी घरातल्या सरावाची आहे, आणि तिला वेळ द्यावाच लागतो. आधी आवाज न लावता हेडफोन नुसता हातात द्यावा, मग एक मिनिट कानावर, मग पाच मिनिटे. हेडफोनची सवय झाली की एक वाटी आणि मूठभर चिंचोके घेऊन, मोबाइलवरचा 'टूं' असा आवाज आला की एक चिंचोका वाटीत टाकायचा, हा खेळ रोज थोडा वेळ खेळावा. आमच्या कार्यशाळेतला ३४ वर्षांचा एक मुलगा (आमच्यासाठी तो मुलगाच) आवाजाची वाट न पाहता मूठच्या मूठ वाटीत रिकामी करायचा. मी चिंचोके माझ्याकडे ठेवून एकेक त्याच्या तळहातावर द्यायला लागले, आणि चौथ्या दिवशी तो चिंचोका गालाशी धरून आवाजासाठी थांबला. चाचणीच्या खोलीत त्याच्याकडून हेच थांबणे हवे होते.

वेळ ठरवताना फोनवर वयासोबत समज किती आहे, तो बोलतो की खुणा करतो आणि कशाला घाबरतो, हेही सांगावे; श्रवणतज्ज्ञ त्यावरून चाचणी निवडतात. प्रतिसाद द्यावाच लागत नाही अशाही चाचण्या आहेत: मध्यकर्णाचा दाब पाहणारी टिंपॅनोमेट्री, आतल्या कानाचा प्रतिध्वनी टिपणारी ओएई आणि आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद झोपेत टिपणारी बेरा. बेरासाठी झोपेचे औषध द्यायचे ठरल्यास हृदयाचा दोष, घोरणे, झोपेत श्वास अडकणे आणि चालू असलेली औषधे यांची माहिती आधीच द्यावी, आणि फिट्सची गोळी आपल्या मनाने कधीही चुकवू नये. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्थान आहे. गावाजवळ कुठे सोय आहे हे जिल्हा रुग्णालयात विचारावे.

पिशवीत जुने अहवाल, औषधांची चिठ्ठी, दिव्यांग प्रमाणपत्र, श्रवणयंत्र असेल तर जास्तीच्या सेलसह, खाऊ, पाणी आणि सरावाची तीच वाटी असू द्यावी. निरामय विमा (राष्ट्रीय न्यासाची दिव्यांगांसाठीची आरोग्यविमा योजना) असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि बिले मूळ स्वरूपात जपून ठेवावीत. सर्दी झाली असेल किंवा कान वाहत असेल तर केंद्राला कळवून तारीख पुढे घ्यावी.

खोलीत सोबत बसणाऱ्याने आवाज आला की मान हलवू नये आणि डोळ्यांनीही सुचवू नये. प्रेमापोटी आपल्याकडून हे घडते, आणि मग तो आपल्याकडे पाहून चिंचोका टाकतो. एका बैठकीत एकच कान झाला तर तेवढा अहवाल घेऊन दुसऱ्या कानासाठी तारीख मागावी. अहवालावर 'चाचणी शक्य झाली नाही' एवढेच लिहून देत असतील तर पुढे कोणती चाचणी करायची आणि केव्हा, हे त्याच कागदावर लिहून मागावे.