नाशिकमध्ये नव्याने राहायला आलेल्यांसाठी: सरकारी नावाने येणारे बनावट ई-मेल

धुळे, जळगाव, नंदुरबार किंवा त्याहूनही लांबून नोकरीनिमित्त नाशिकला येणाऱ्या माणसाचे सुरुवातीचे काही महिने कागदपत्रांतच जातात. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात रुजू झाल्यावर जुन्या कंपनीतला पीएफ नव्या खात्यात आणायचा असतो, आधारवरचा पत्ता बदलायचा असतो, भाडेकरार नोंदवायचा असतो, गॅसची व्यवस्था करायची असते आणि बँकेत केवायसी पुन्हा द्यायची असते. मी स्वतः खानदेशातून इथे येऊन स्थायिक झालो, त्याला आता बरीच वर्षे झाली. सोसायटीच्या कामामुळे नव्या भाडेकरूंशी सतत संबंध येतो आणि त्यांतले बरेच जण फोन पुढे करून एकच प्रश्न विचारतात: ‘हे खरे आहे का?’

हा प्रश्न नव्या माणसाला जास्त पडण्याचे कारण साधे आहे. बनावट मेल पाठवणाऱ्याला आपल्याविषयी बहुधा काहीच माहीत नसते. तो एकच मजकूर असंख्य लोकांना पाठवतो. ज्याचे सगळे व्यवहार वर्षानुवर्षे एका जागी चालले आहेत, त्याला ‘आपला पत्ता पडताळणीसाठी प्रलंबित आहे’ अशी ओळ वाचून काहीच वाटत नाही, कारण त्याने पत्ता बदललेलाच नसतो. आपण मात्र मागच्याच आठवड्यात अर्ज दिलेला असतो आणि त्याच्या उत्तराची वाट पाहत असतो. त्यामुळे अंदाजाने मारलेला तो दगड नेमका आपल्याला लागतो आणि आपल्याला वाटते की ज्याला एवढे ठाऊक आहे, तो कार्यालयातलाच असणार.

म्हणून माझा सल्ला असा आहे की मेल खरा की खोटा हे त्याच्या रूपावरून ठरवण्याच्या भानगडीत पडू नये. राजमुद्रा, बोधचिन्ह, अधिकाऱ्याची सही, जावक क्रमांक हे सगळे सहज उचलून चिकटवता येते. ‘भाषेतल्या चुका पाहा’ हा जुना सल्लाही आता फारसा उपयोगाचा नाही. हल्ली बनावट मेलची मराठी कित्येकदा खऱ्या कार्यालयीन पत्रापेक्षा नीटनेटकी असते. मेलमध्ये जे काम सांगितले आहे, ते मेलमधल्या दुव्यावरून किंवा त्यात दिलेल्या फोन नंबरवरून न करता त्या संस्थेच्या संकेतस्थळावर, ॲपमध्ये किंवा कार्यालयात आपण स्वतः जाऊन तपासावे. खरोखर काही प्रलंबित असेल, तर ते तिथे दिसतेच. तिथे काही नसेल, तर मेल खरा होता की खोटा याचा विचार करण्याचीही गरज उरत नाही.

विजेच्या बिलाचे उदाहरण घ्या, कारण भाडेकरूंना सर्वांत आधी गाठतो तो हाच प्रकार. ‘मागील महिन्याचे बिल अद्ययावत न झाल्याने आज रात्री साडेनऊ वाजता आपला वीजपुरवठा खंडित करण्यात येईल, त्वरित खालील अधिकाऱ्याशी संपर्क साधावा’ असा संदेश कधी एसएमएसने, कधी व्हॉट्सॲपवर, कधी मेलने येतो. घर स्वतःचे असले तर माणूस म्हणतो, बिल तर मीच भरले आहे. भाड्याच्या घरात मीटर घरमालकाच्या नावावर असतो, बिलाचे संदेश त्यांच्या मोबाइलवर जातात आणि या महिन्याचे बिल त्यांनी भरले की नाही हे आपल्याला ठाऊकच नसते. रात्री आठ वाजता घरमालकांना फोन करणे अवघड वाटते, म्हणून माणूस त्या ‘अधिकाऱ्यालाच’ फोन लावतो. तो मोठ्या सौजन्याने बोलतो, दहा रुपये भरून खाते अद्ययावत करायला सांगतो आणि त्यासाठी एक ॲप घ्यायला लावतो. ते ॲप आपला स्क्रीन त्याला दाखवणारे असते. दहा रुपये भरताना आपण टाकलेला पासवर्ड किंवा पिन तो तिकडे वाचत असतो.

यावर उपाय घरात पाऊल ठेवतानाच करता येतो. घरमालकांकडून जुन्या बिलाची प्रत मागून घ्यावी, त्यावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक महावितरणच्या अधिकृत ॲपमध्ये नोंदवावा, म्हणजे बिल भरले आहे की नाही हे आपल्याला केव्हाही पाहता येते. विद्युत कायदा 2003 च्या कलम 56 नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी किमान 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्यामुळे संध्याकाळी कळवून रात्री वीज तोडण्याचा प्रश्नच येत नाही. शंका वाटल्यास 1912 या क्रमांकावर विचारावे. महावितरण कोणाच्या खासगी दहा अंकी मोबाइलवरून असे संदेश पाठवत नाही, हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे.

आता प्रत्यक्ष ई-मेलकडे येऊ. आमच्या इमारतीत नव्याने आलेल्या एका तरुणाला आयकर विभागाच्या नावाने मेल आला होता. वर इंग्रजीत विभागाचे पूर्ण नाव, खाली परताव्याची रक्कम, त्याखाली ‘बँक खाते निश्चित करा’ असे निळे बटण. मोबाइलवर मेल उघडला की पाठवणाऱ्याचे फक्त नाव दिसते आणि ते नाव पाठवणारा हवे ते ठेवू शकतो. त्या नावावर बोट ठेवल्यावर खरा पत्ता उघडला. त्यात ‘इन्कमटॅक्स’ हा शब्द होता, ‘गव्ह’ होते, ‘इन’ही होते, पण ही अक्षरे पत्त्याच्या सुरुवातीला होती आणि शेवट मात्र ‘डॉट ऑनलाइन’ असा होता. संकेतस्थळाचा पत्ता शेवटाकडून वाचायचा असतो. दुव्यामध्ये पहिल्या एकेरी तिरक्या रेषेच्या लगेच आधी आणि मेलच्या पत्त्यात अगदी शेवटी जे असते, तेच खरे घर. त्याच्या डावीकडे कितीही सरकारी शब्द लावता येतात, त्याला कोणी अडवत नाही. ‘गव्ह डॉट इन’ने संपणारे नाव मात्र सरकारी संस्थेलाच मिळते. ‘गव्ह’ आणि ‘इन’ यांच्यामध्ये टिंबाऐवजी आडवी रेघ असेल किंवा ‘इन’च्या पुढे आणखी काही असेल, तर ते सरकारी नव्हे. ब्राउझरमधल्या कुलपाच्या चिन्हावर भरवसा ठेवू नये. त्याचा अर्थ मधल्या वाटेत कोणी माहिती वाचू शकत नाही एवढाच असतो, पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे असा नाही.

आयकराच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी माहीत असाव्यात. परतावा आपण पोर्टलवर आधीच प्रमाणित करून ठेवलेल्या बँक खात्यातच जमा होतो, त्यासाठी मेलमधून कार्डाचा क्रमांक किंवा पासवर्ड कोणी मागत नाही. शिवाय 1 ऑक्टोबर 2019 पासून विभागाच्या नोटिसांवर आणि आदेशांवर डिन नावाचा दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि नोटीस खरोखर विभागानेच काढली आहे का, हे ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन न करताही तपासता येते. नोटीस म्हटली की नोकरदार माणसाच्या पोटात गोळा येतो, म्हणून ही सोय ध्यानात ठेवलेली बरी. पीएफचेही असेच आहे. यूएएन, पासवर्ड, आधार, पॅन किंवा ओटीपी आम्ही फोनवर, मेलवर वा समाजमाध्यमांवर मागत नाही, असे भविष्य निर्वाह निधी संघटना वारंवार जाहीर करते. खाते हस्तांतराचा अर्ज कुठवर आला हे सदस्य पोर्टलवर पाहावे, नाहीतर कंपनीच्या एचआरला विचारावे. ‘लवकर करून देतो’ म्हणणाऱ्याला कधीही विचारू नये.

बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ‘बँक डॉट इन’ हा राखीव पत्ता आणला असून तो फक्त बँकांनाच मिळतो आणि 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत सर्व बँकांनी आपली संकेतस्थळे त्यावर न्यावीत असा आदेश होता. एसएमएसमध्येही पाठवणाऱ्याच्या सांकेतिक नावाच्या शेवटी आता एक अक्षर असते: जाहिरातीसाठी ‘पी’, सेवेसाठी ‘एस’, व्यवहारासाठी ‘टी’ आणि सरकारी संदेशासाठी ‘जी’. साध्या मोबाइल क्रमांकावरून आलेला ‘सरकारी’ किंवा ‘बँकेचा’ संदेश एवढ्यावरूनच बाजूला काढता येतो.

बाहेरच्या जिल्ह्यातून आणलेल्या गाडीच्या मालकांना एक इशारा द्यावासा वाटतो. एमएच 18 किंवा एमएच 19 ची पाटी लावून आपण नवख्या रस्त्यांवर गाडी चालवत असतो. द्वारका चौकात किंवा मुंबई नाक्यावर सिग्नल चुकला की काय, अशी रुखरुख मनात असते आणि तेवढ्यात व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलन’ नावाची फाइल येते. फाइलच्या नावाचा शेवट ‘एपीके’ असेल तर ते चलन नव्हे, मोबाइलमध्ये बसणारे ॲप आहे. ते बसवले आणि मागितलेल्या परवानग्या दिल्या की बँकेचे ओटीपी परस्पर भामट्यांच्या हाती जातात. खऱ्या चलनासाठी असली फाइल उघडावी लागत नाही. परिवहन विभागाच्या किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून स्वतः पाहावे. दंड असेल तर तिथे दिसेल, आणि असेल तर तो भरावाच.

नाशिकची म्हणून दोन आमिषे वेगळी सांगायला हवीत. पहिले नोकरीचे. नाशिकरोडचा प्रेस, म्हणजे चलार्थ पत्र मुद्रणालय आणि भारत प्रतिभूती मुद्रणालय, तसेच ओझरचे एचएएल यांची नावे इथल्या बेरोजगार तरुणाच्या मनात फार मोठी आहेत आणि ती नावे वापरून नेमणूकपत्र पाठवणे कोणालाही अवघड नाही. ज्या जागेसाठी आपण अर्जच केला नाही, परीक्षा दिली नाही, तिचे नेमणूकपत्र मेलने येत नसते आणि ‘प्रशिक्षण शुल्क’ किंवा ‘परत मिळणारे डिपॉझिट’ एखाद्या व्यक्तीच्या यूपीआयवर कोणतीही सरकारी संस्था मागत नाही. भरतीची जाहिरात त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर नसेल, तर विषय तिथेच संपला.

दुसरे आमिष घराचे. देवळालीला तोफखान्याचे मोठे केंद्र असल्याने ‘मी लष्करात आहे, माझी बदली झाली, देवळाली कॅम्पजवळचा फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे’ ही बतावणी इथे पटकन पटते. गणवेशातला फोटो, कॅन्टीन कार्ड, ओळखपत्राची प्रत, सगळे न मागता पाठवले जाते. (खरा जवान आपले ओळखपत्र अनोळखी माणसाला पाठवत सुटत नाही, एवढा विचार तरी करावा.) भाडे बाजारभावापेक्षा कमी असते आणि ‘फ्लॅट पाहायला गेटपास लागतो, त्याचे पैसे आधी भरा’ असे सांगितले जाते. घर आणि मालक प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. आणि पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात.

पोलीस, सीबीआय किंवा ईडी यांच्या नावाने येणाऱ्या धमक्यांबद्दल थोडक्यात सांगतो. ‘डिजिटल अरेस्ट’ असा कोणताही प्रकार भारतीय कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक होत नाही, चौकशी होत नाही आणि पडताळणीसाठी पैसे कोणत्याही ‘सुरक्षित’ खात्यात ठेवून घेतले जात नाहीत. मात्र हे आपल्याला ठाऊक असून भागत नाही. गावाकडे आई-वडिलांना ‘तुमचा मुलगा नाशिक पोलिसांच्या ताब्यात आहे, प्रकरण मिटवायचे असेल तर लगेच पैसे पाठवा’ असा फोन येऊ शकतो आणि मुलगा कारखान्यात असल्याने त्याचा मोबाइल त्या वेळी लॉकरमध्ये असतो. म्हणून सुपरवायझरचा किंवा खोलीवरच्या मित्राचा नंबर घरी कागदावर लिहून द्यावा आणि असा फोन आला तर आधी तिथे विचारायचे, असे ठरवून ठेवावे.

इतके करूनही कोणाचे पैसे गेलेच, तर लाज आणि हळहळ बाजूला ठेवून त्याच क्षणी 1930 या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करावा. गेलेली रक्कम थोड्याच वेळात एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात फिरवली जाते. ती मधेच गोठवता येण्याची शक्यता तक्रार किती लवकर झाली यावर अवलंबून असते. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम जवळ ठेवावी, मिळालेला तक्रार क्रमांक लिहून घ्यावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तपशील भरावा. अनोळखी ॲप बसवले असेल, तर त्या मोबाइलचे इंटरनेट लगेच बंद करून दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमांनुसार आपली किंवा बँकेची चूक नसताना त्रयस्थाने पैसे काढले आणि आपण तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर तोटा आपल्यावर पडत नाही. पण ओटीपी किंवा पिन आपणच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले आणि त्यानंतरचे बँकेचे, असा नियम आहे. तेव्हा बँकेला कळवल्याची पोच अवश्य घ्यावी.

पैसे गेले नसले तरी आयकराच्या नावाचा बनावट मेल सर्ट-इन या केंद्रीय संस्थेकडे पाठवता येतो आणि संशयास्पद फोन, एसएमएस वा व्हॉट्सॲप संदेश संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षु’ सुविधेत नोंदवता येतात. पोलीस ठाण्यात जाण्याची वेळ आली, तर नाशिक शहर आणि नाशिक ग्रामीण ही दोन वेगळी पोलीस दले आहेत हे नव्या माणसाला माहीत नसते. सातपूर, अंबड, पंचवटी शहरात, तर सिन्नर, ओझर ग्रामीणमध्ये येतात. हद्दीवरून कोणी परत पाठवू लागले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी त्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे शांतपणे सांगावे आणि नोंदीची प्रत घेऊनच बाहेर पडावे.